स्कॉटलंडच्या वाहतूक मंत्र्याच्या हातात नक्की काय असतं, आणि आपलं गाऱ्हाणं त्याच्यापर्यंत कसं न्यायचं

ग्लासगोला आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात आमच्या स्टॉपवरची रात्रीची बस बंद झाली. काचेमागे नवं वेळापत्रक डकवलेलं होतं आणि साडेसातनंतरचे रकाने कोरे होते. शेजारच्या बाई रुग्णालयात संध्याकाळची पाळी करायच्या. रोज टॅक्सी करणं त्यांना परवडणारं नव्हतं. मी घरच्या सवयीने थेट मंत्र्यांना पत्र लिहिलं. एसटीची फेरी बंद झाली की गावकरी मुंबईला निवेदन धाडतात, तसंच.

महिनाभराने उत्तर आलं ते एका अधिकाऱ्याचं. बस कुठे आणि किती वाजता धावावी हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय आहे, मंत्री त्यात हात घालू शकत नाहीत, असं त्यात फार सभ्य भाषेत लिहिलं होतं. वाटाण्याच्या अक्षता म्हणून मी तो कागद चुरगाळला. पुढे कळलं की अधिकारी खरं तेच सांगत होता. दार मीच चुकीचं ठोठावलं होतं. योग्य दार कसं शोधायचं ते मला शिकायला दोन वर्षं लागली. इथे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या आपल्या माणसांना तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितोय.

आधी बघा: विषय लंडनचा की एडिनबराचा?

स्कॉटलंडचं सरकार हे लंडनने अधिकार सोपवून उभं केलेलं सरकार आहे. त्याचा पाया म्हणजे १९९८चा स्कॉटलंड कायदा. १९९९च्या मे महिन्यात एडिनबराच्या संसदेची पहिली बैठक झाली आणि १ जुलैला अधिकार हातात आले. या कायद्याची रचना आपल्याला उलटी वाटते. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्याची आणि समवर्ती अशा तीन याद्या आहेत. इथे यादी एकच, पाचव्या परिशिष्टात, आणि ती लंडनने स्वतःकडे काय ठेवलं त्याची. तिच्यात जे नाही ते आपोआप एडिनबराचं. त्यामुळे ‘हे मंत्र्याकडे येतं का’ हा प्रश्न ‘हे लंडनने राखून ठेवलंय का’ असा विचारायचा.

महाराष्ट्रातून आलेला माणूस हमखास चकतो ती जागा सांगतो. आपल्या परिवहन मंत्र्याकडे एसटी आणि आरटीओ असतात, रेल्वे मात्र दिल्लीची. स्कॉटलंडच्या मंत्र्याकडे रेल्वेगाड्या आहेत, आरटीओ नाही. वाहन चालवण्याचा परवाना वेल्समधल्या स्वान्सीहून येतो, चाचणी घेणारी संस्था लंडनच्या खात्याची, गाडीची नोंदणीही तिकडची. भारतीय परवान्यावर इथे पहिले बारा महिने गाडी चालवता येते, नंतर चाचणी देऊन इथला परवाना काढावा लागतो. हा नियम बदला म्हणून एडिनबराला पत्र लिहिणं म्हणजे पोस्टाचं तिकीट वाया घालवणं. ते तुमच्या लंडनच्या खासदाराचं काम.

मद्य पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा मात्र २०१२च्या सुधारणेने एडिनबराकडे आली. डिसेंबर २०१४पासून स्कॉटलंडमध्ये ती १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, तर इंग्लंडमध्ये अजून जुनेच ८० मिलिग्रॅम. इंग्लंडच्या उत्तरेतल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जेवताना कायद्यात बसणारा ग्लास सीमा ओलांडल्यावर गुन्हा ठरू शकतो. वेगमर्यादाही एडिनबराकडे आहे.

रेल्वेची सुरक्षितता पुन्हा लंडनची. ऑगस्ट २०२० मध्ये अतिवृष्टीनंतर स्टोनहेवनजवळच्या कारमाँट इथे गाडी घसरून तिघांचा मृत्यू झाला. गाडी स्कॉटरेल कंपनीची, रूळ नेटवर्क रेल या दुसऱ्या कंपनीचे, आणि चौकशी केली ती संपूर्ण ब्रिटनसाठी असलेल्या अपघात तपास शाखेने. मंत्री घटनास्थळी जातो, संसदेत निवेदन करतो, तपासाचा अहवाल मात्र त्याच्या खात्यातून निघत नाही.

(हा नकाशा फक्त स्कॉटलंडचा. उत्तर आयर्लंडमध्ये वाहन परवानेसुद्धा तिथल्याच सरकारकडे आहेत. वेल्सने सप्टेंबर २०२३मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर सरसकट ताशी २० मैलांची मर्यादा आणली आणि त्याविरुद्धच्या याचिकेवर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. म्हणजे अधिकार सोपवलेलं सरकार म्हटलं की सगळीकडे एकच साचा, असं धरून चालू नका.)

मग बघा: मंत्री, कौन्सिल की कंपनी?

विषय एडिनबराचा निघाला तरी तो मंत्र्याच्याच टेबलावर असतो असं नाही.

रस्त्यांपासून सुरुवात करू, कारण ते सोपं आहे. मोटरवे आणि मुख्य महामार्ग, म्हणजे एम ८, ए ९, ए ८२, ए ८३ यांसारखे, मंत्र्याचे. एकूण सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. त्यांचं रोजचं काम बघते ट्रान्सपोर्ट स्कॉटलंड ही २००६ साली स्थापन झालेली सरकारी संस्था, आणि खड्डे भरणं, मीठ टाकणं हे तिने नेमलेले ठेकेदार करतात. बाकी सगळे रस्ते ३२ कौन्सिलांचे, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांचे. तुमच्या गल्लीतला खड्डा, बंद पडलेला दिवा, फुटपाथवर चढवलेली गाडी, हे सगळं कौन्सिलकडे. फुटपाथवरच्या पार्किंगवर बंदी घालणारा कायदा २०१९ साली संसदेने केला, पण दंडाची पावती फाडायची ती कौन्सिलने. एडिनबरा शहराने ती जानेवारी २०२४पासून फाडायला घेतली.

बोटींचं थोडं गुंतागुंतीचं आहे. पश्चिमेच्या बेटांवरच्या फेऱ्या चालवणारी कॅलमॅक आणि त्या फेऱ्यांसाठी बोटी विकत घेऊन ठेवणारी सीमॅल, या दोन्ही कंपन्या पूर्णपणे स्कॉटिश मंत्र्यांच्या मालकीच्या. एक बोटींची मालकीण, दुसरी चालवणारी. बोट बंद पडली की दोघीही एकमेकींकडे बोट दाखवू शकतात, आणि बेटावरचा दुकानदार रिकाम्या शेल्फांकडे बघत बसतो. इथे मात्र शेवटी उत्तर मंत्र्यालाच द्यावं लागतं.

बसवर जरा थांबू, कारण माझं घोडं तिथेच अडलं होतं. १९८५च्या कायद्याने लंडन सोडून ब्रिटनभर बसधंदा मोकळा केला. ऑक्टोबर १९८६पासून कुठलीही परवानाधारक कंपनी मार्ग नोंदवून बस चालवू शकते, आणि परवडेनासा झाला की आगाऊ नोटीस देऊन बंदही करू शकते. ही नोंदणी होते स्कॉटलंडच्या ट्रॅफिक कमिशनरकडे, आणि गंमत अशी की कमिशनरची नेमणूक लंडनचा मंत्री करतो. एडिनबरात लोथियन बसेस कौन्सिलांच्या मालकीची आहे म्हणून तिथला अनुभव वेगळा. ग्लासगोत धंदा खासगी कंपन्यांचा.

मग एडिनबराच्या मंत्र्याकडे बसमधलं उरतं काय? पैसा आणि कायदा. २००६पासून साठीपुढच्या माणसांना आणि ३१ जानेवारी २०२२पासून २२ वर्षांखालच्या सगळ्या रहिवाशांना बसप्रवास फुकट आहे, तो या खात्याच्या पैशाने. स्कॉटलंडमध्ये राहून शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या मराठी मुलालाही तो मिळतो, फक्त त्यासाठीचं कार्ड काढायला हवं. अर्ध्या मुलांना हे ठाऊकच नसतं, पहिलं सत्र तिकिटं काढण्यात जातं. २०१९च्या कायद्याने कौन्सिलांना आणि प्रादेशिक वाहतूक भागीदाऱ्यांना स्वतः बस चालवण्याचा किंवा मार्ग ठेक्याने देण्याचा मार्गही खुला केला. अशा सात भागीदाऱ्या आहेत. ग्लासगो भागातली १८९६ साली सुरू झालेला भुयारी मार्ग चालवते आणि कुठलीच कंपनी धावायला तयार नसलेल्या काही मार्गांवर पैसे देऊन बस चालवून घेते. माझं पत्र तिच्याकडे जायला हवं होतं.

रेल्वे: इथे मात्र मंत्री खरोखर मालक

२००५च्या रेल्वे कायद्याने स्कॉटलंडमधल्या गाड्या कोणी चालवायच्या आणि रुळांवर किती खर्च करायचा हे ठरवायचा अधिकार एडिनबराला मिळाला. १ एप्रिल २०२२पासून स्कॉटरेल थेट सरकारी मालकीची झाली. जून २०२३मध्ये लंडनला जाणारी रात्रीची कॅलेडोनियन स्लीपरही त्याच वाटेने आली. रूळ, सिग्नल आणि बरीचशी स्थानकं मात्र नेटवर्क रेलची, आणि ती कंपनी लंडनच्या मालकीची. स्कॉटलंडचा मंत्री तिला पाच-पाच वर्षांसाठी ‘आम्हाला हे हवं, त्याचे इतके पैसे देतो’ असं लिहून देतो. सध्याचा पाच वर्षांचा टप्पा एप्रिल २०२४ला सुरू झाला. मालक दुसरा, गिऱ्हाईक आपण, अशातला हा व्यवहार.

मंत्र्याचा निर्णय थेट खिशापर्यंत कसा येतो ते बघायचं तर गर्दीच्या वेळच्या भाड्याची गोष्ट ऐका. सकाळ-संध्याकाळ जास्त भाडं घ्यायची पद्धत ऑक्टोबर २०२३मध्ये प्रयोग म्हणून बंद केली. ग्लासगो-एडिनबरा परतीचं तिकीट २८.९० पौंडांवरून १४.९० वर आलं. ऑफिसला जाणारे खूश. वर्षभराने हिशेब मांडला तेव्हा प्रवासी फार तर ६.८ टक्के वाढले होते, आणि खर्च भरून निघायला दहा टक्के वाढ हवी होती. सप्टेंबर २०२४च्या शेवटी जुनं भाडं परत आलं. एका सोमवारी सकाळी क्वीन स्ट्रीट स्थानकातल्या यंत्रापुढे उभे असलेले लोक पडद्यावरचा आकडा बघून दोन-दोनदा ‘मागे’चं बटण दाबत होते. मग १ सप्टेंबर २०२५पासून जादा भाडं पुन्हा रद्द झालं, आणि त्याच प्रवासाचं तिकीट ३२.६० वरून १६.८० पौंडांवर आलं. तोच मार्ग, तीच गाडी. मधल्या काळात बदललं ते अंदाजपत्रकातलं वजन.

गाडी अर्धा तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचली तर भरपाई मागायची ती मात्र कंपनीकडे, मंत्र्याकडे नाही. नकार मिळाला तर रेल्वे लोकपालाकडे जा. मंत्र्याला लिहायचं ते धोरणाविषयी: भाडं, नवं स्थानक, फेऱ्यांची संख्या, बंद पडलेला मार्ग पुन्हा सुरू करणं. असे मार्ग खरंच सुरू झालेत. बॉर्डर्स रेल्वे सप्टेंबर २०१५मध्ये, लेव्हनमाउथची जून २०२४मध्ये. दोन्हींमागे स्थानिक लोकांची वर्षानुवर्षांची चिकाटी होती.

पैसा कुठून येतो आणि मंत्री कुठे अडतो

स्कॉटलंडच्या तिजोरीतला मोठा भाग लंडनहून एका ठरावीक सूत्राने येतो, त्याला बार्नेट सूत्र म्हणतात. इंग्लंडमध्ये एखाद्या सोपवलेल्या विषयावर खर्च वाढला की लोकसंख्येच्या प्रमाणात इकडेही पैसे येतात. म्हणून लंडनची एचएस२ ही वेगवान रेल्वे एडिनबराला येत नसली तरी तिच्यामुळे स्कॉटलंडला निधी मिळाला. वेल्सला मिळाला नाही, कारण तिथे रेल्वेचे रूळ राखीव विषय आहेत आणि प्रकल्प ‘इंग्लंड आणि वेल्स’चा धरला गेला. वेल्सच्या हद्दीत त्याचा एकही रूळ नाही. यावर कार्डिफमधले राजकारणी अजून चरफडतात, आणि मला विचाराल तर योग्यच चरफडतात.

पैसे आले तरी अंदाजपत्रक संसदेत मंजूर व्हावं लागतं, आणि निवडणूक पद्धत अशी की एका पक्षाला स्पष्ट बहुमत क्वचितच मिळतं. २००७ साली एसएनपीचं, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीचं, अल्पमतातलं सरकार आलं, ते एडिनबराची ट्राम रद्द करायच्या इराद्याने. जूनमध्ये संसदेत बाकीचे पक्ष एकत्र आले आणि सरकार मतदानात हरलं. मग सरकारने ५० कोटी पौंडांवर एक पैसाही देणार नाही असं सांगितलं आणि ट्रान्सपोर्ट स्कॉटलंडला देखरेखीतून बरंचसं मागे घेतलं. ट्राम ३१ मे २०१४ला धावली, ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशिरा, आखलेल्या मार्गापेक्षा कमी अंतर, आणि ७७.६ कोटी पौंड खर्चून. २०२३च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या चौकशी अहवालाने कौन्सिल आणि तिच्या कंपनीबरोबर स्कॉटिश मंत्र्यांनाही धारेवर धरलं, देखरेख काढून घेतल्याबद्दल. नावडतं मूल म्हणून त्याच्याकडे बघायचंच सोडलं, असा तो प्रकार.

बर्फ पडलं की

६ डिसेंबर २०१०च्या सकाळी मध्य स्कॉटलंडवर अंदाजापेक्षा जास्त बर्फ पडलं. एम ८ गोठला. शेकडो माणसं रात्रभर गाड्यांत अडकून पडली, काही बर्फातून पायी घरी गेली. तेव्हाचे वाहतूक मंत्री स्टुअर्ट स्टीव्हनसन यांनी टीव्हीवर यंत्रणेच्या प्रतिसादाचं कौतुक केलं. बघणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरचं माणूस अजून रस्त्यावर होतं. ११ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. बर्फ त्यांनी पाडलं नव्हतं, लोकांना वेळेवर सांगितलं नाही हा आक्षेप होता.

त्यानंतर हे पद सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हिवाळ्याची धास्ती असते. आता मीठ टाकणाऱ्या गाड्या कुठे आहेत ते नकाशावर घरबसल्या दिसतं, आणि त्या गाड्यांना ‘सर अँडी फ्लरी’सारखी नावंही आहेत. माझा मुलगा रात्री झोपण्याआधी ती बघतो.

डिसेंबर २०१५मध्ये फोर्थ रोड पुलाच्या सांगाड्यात तडा सापडला तेव्हाही असंच झालं. १९६४चा पूल, शेजारी नवा बांधायला घेतलेला, आणि नाताळाच्या तोंडावर जुना बंद. तीनेक आठवडे जादा गाड्या, जादा बस, रोज पत्रकार परिषद. २३ डिसेंबरला मोटारींसाठी तो उघडला. शेजारचा क्वीन्सफेरी क्रॉसिंग ऑगस्ट २०१७मध्ये सुरू झाला.

मंत्र्याचं आश्वासन कसं वाचावं

पर्थ ते इनव्हर्नेस हा ए ९ महामार्ग २०२५पर्यंत पूर्ण दुपदरी-दुतर्फा करू, असं २०११ साली जाहीर झालं. फेब्रुवारी २०२३मध्ये ते जमणार नाही अशी कबुली आली आणि त्याच डिसेंबरात नवं वर्ष सांगितलं गेलं, २०३५. मधल्या काळात कितीतरी मंत्री आले आणि गेले.

बोटींची गोष्ट त्याहून कडू. २०१५ साली क्लाइड नदीवरच्या कारखान्याला दोन बोटींचं काम ९.७ कोटी पौंडांना दिलं. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये ‘ग्लेन सॅनॉक्स’ पाण्यात उतरवली तेव्हा तिच्या पुढच्या भागातल्या खिडक्या रंगवलेल्या होत्या. काचा बसायच्या होत्या. पुढे कारखाना सरकारने ताब्यात घेतला, खर्च कित्येक पटींनी वाढला, आणि ती बोट प्रवासी घेऊन अ‍ॅरन बेटाला निघाली ती जानेवारी २०२५मध्ये. काम बिघडलं तर पैसे परत मिळतील अशी पूर्ण हमी नसताना ठेका का मंजूर केला, याची पुरेशी कागदोपत्री नोंद सापडत नाही, असं लेखापरीक्षकांनी मार्च २०२२मध्ये लिहिलं.

म्हणून घोषणा ऐकली की मी तीन गोष्टी शोधतो: या वर्षीच्या अंदाजपत्रकात तिच्या नावाने रक्कम आहे का, ठेका सहीनिशी दिलाय का, आणि उशीर झाला तर भुर्दंड कोणाला. तिन्ही मिळाले नाहीत तर ती अजून रंगवलेली खिडकी आहे.

आता गाऱ्हाणं न्यायचं कसं

आधी कंपनी किंवा कौन्सिलकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. त्याशिवाय पुढचं कोणीच दार उघडत नाही. कौन्सिलचा विषय असेल तर तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना गाठा. बहुतेक प्रभागांत ते तीन-चार असतात आणि दर महिन्याला कुठल्यातरी वाचनालयात किंवा सभागृहात भेटतात. चहा मिळत नाही, पण ऐकून घेतात.

धोरणाचा विषय असेल तर मंत्र्याला स्वतः लिहिण्यापेक्षा तुमच्या एमएसपीमार्फत, म्हणजे स्कॉटिश संसदेतल्या तुमच्या सदस्यामार्फत, जा. प्रत्येक रहिवाशाला असे आठ प्रतिनिधी असतात: एक मतदारसंघाचा, सात विभागाचे. तुमचं पत्र अधिकाऱ्याच्या उत्तराने संपतं. एमएसपीने संसदेत लेखी प्रश्न विचारला तर मंत्र्याच्या नावाने उत्तर येतं, अधिवेशन चालू असताना साधारण दहा कामकाजाच्या दिवसांत, आणि ते कायम नोंदीत राहतं.

पत्र छोटं ठेवा. माझ्या पहिल्या पत्रात ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासापासून सगळं होतं. दुसऱ्यात एवढंच: ‘अमुक मार्गावरची साडेसातनंतरची बस अमुक तारखेला बंद झाली. या भागातून रुग्णालयात रात्री नऊला पाळी संपवून येणाऱ्या चौदा जणांच्या सह्या सोबत आहेत. कंपनीचं उत्तर जोडलं आहे. आपण प्रादेशिक भागीदारीला विचाराल का, की हा मार्ग अनुदानावर चालवण्याचा विचार झाला होता का, आणि नसेल तर का?’ शेवटी एकच प्रश्न, तोही ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर द्यावं लागेल असा.

आकडे हवे असतील तर २००२च्या माहिती कायद्याखाली मागा. आपल्या माहिती अधिकारासारखाच, शुल्काचं तिकीट चिकटवायची गरज नाही. वीस कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘बैठकीच्या नोंदी’ असे शब्द वापरा, ‘सगळी माहिती’ असं लिहिलंत तर खर्च जास्त म्हणून नाकारतील. विषय देशभराचा असेल तर संसदेकडे याचिका करता येते आणि तिला एकच सही पुरते. एखाद्या कौन्सिलच्या एकाच निर्णयावर मात्र ती चालत नाही.

आणि मतदारयादीत नाव घाला. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून आपल्याला मत नाही असं बरेच जण धरून चालतात. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, इथे राहण्याचा वैध परवाना असलेल्या भारतीय नागरिकाला मत देता येतं, विद्यार्थ्यालासुद्धा, आणि स्कॉटिश संसदेसाठी तर वयाच्या सोळाव्या वर्षापासून. एमएसपीच्या कार्यालयात पहिला प्रश्न ‘पत्ता काय’ हाच असतो. त्यामागचा दुसरा प्रश्न ते विचारत नाहीत एवढंच.

त्या दुसऱ्या पत्रानंतर आमची बस सात महिन्यांनी परत आली, तासाला एक, शेवटची नऊ चाळीसची. शेजारच्या बाई पहिल्या रात्री उतरल्या त्या दारावरची घंटा वाजवून गेल्या. रविवारी अजून नाही. ते पत्र कालच लिहायला घेतलंय.